वाचकांचे प्रश्न : ‘फॉल्टी टॉवर्स’मधील सहकलाकार आणि पाहुणे कलाकार

मागील अंकात ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक पत्रांत ‘फॉल्टी टॉवर्स’ या एकाच मालिकेविषयी विचारणा होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १९७५ मध्ये या मालिकेचे सहा भाग दाखवले गेले आणि पुढचे सहा भाग १९७९ मध्ये आले. इतके बाराच भाग. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावात बेसिल फॉल्टी नावाचा गृहस्थ एक लहानसे हॉटेल चालवतो. उतरायला आलेल्या माणसांचा त्याला मनापासून तिटकारा आहे, बड्या लोकांपुढे मात्र तो वाकतो, आणि बायकोपासून काही ना काही लपवण्याच्या खटाटोपात प्रत्येक भागात तो स्वतःला गाळात रुतवून घेतो. बेसिलची भूमिका जॉन क्लीझ यांनी केली असून सर्व भाग त्यांनी आणि कॉनी बूथ यांनी मिळून लिहिले आहेत.

प्रश्न : नातवाने मोबाइलवर ही मालिका दाखवली. इंग्रजी संवाद सगळे कळले नाहीत, तरी हसू आवरले नाही. मात्र जिथे पाहावे तिथे जॉन क्लीझ यांचेच नाव दिसते. बाकीची मंडळी कोण होती? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. क्लीझ यांचे श्रेय कोणी नाकारणार नाही, परंतु बेसिल एकटा रंगमंचावर उभा राहिला असता तर तो केवळ एक आरडाओरडा करणारा उंच माणूस ठरला असता. त्याच्या भोवती जी कायमची माणसे आहेत त्यांच्यामुळे त्याचा संताप आपल्याला खरा वाटतो.

बायको सिबिल हिची भूमिका प्रुनेला स्केल्स यांनी केली. त्या रंगभूमीवर मुरलेल्या अभिनेत्री होत्या आणि त्यांचे २०२५ मध्ये निधन झाले. सिबिल तासन्‌तास टेलिफोनवर मैत्रिणीशी बोलत असते, तिचे हसणे विचित्र आहे, पण हॉटेल खरोखर चालते ते तिच्यामुळे. स्केल्स यांनी तिला कजाग बायकोचा ठरीव नमुना होऊ दिले नाही. ती गिऱ्हाइकांशी गोड बोलते, हिशेब चोख ठेवते, आणि नवरा काहीतरी लपवतो आहे हे तिला बहुतेक वेळा आधीच कळलेले असते. वेट्रेस पॉलीचे काम कॉनी बूथ यांनी केले. त्या मूळच्या अमेरिकेच्या आणि क्लीझ यांच्या पत्नी. मालिकेचे दुसरे पर्व आले तोपर्यंत दोघांचा घटस्फोट झाला होता, तरीही त्यांनी एकत्र बसून ते लिहिले, आणि त्या पर्वात कुठेही कसर राहिलेली जाणवत नाही. पुढे बूथ यांनी अभिनय सोडला आणि त्या मानसोपचाराच्या व्यवसायात गेल्या. हॉटेलातील एकमेव शहाणे माणूस म्हणजे पॉली. बेसिलच्या प्रत्येक लबाडीत तिला नाइलाजाने सामील व्हावे लागते. अशी भूमिका डोळ्यांत भरत नाही, पण ती कच्ची निघाली तर सारा डोलारा खाली येतो.

बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल हे काम अँड्र्यू सॅक्स यांचे, त्यांच्याविषयी पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे. हॉटेलात कायम राहणारे विसरभोळे मेजर गोवेन बॅलर्ड बर्कली यांनी उभे केले. त्यांचा जन्म १९०४ चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. वर्तमानपत्र आले का, बार उघडला का आणि क्रिकेटचा धावफलक काय आहे, या पलीकडे मेजरसाहेबांना जगाशी देणेघेणे नसते. मिस टिब्स आणि मिस गॅट्सबी या दोन वृद्ध स्त्रियांची कामे अनुक्रमे गिली फ्लॉवर आणि रेने रॉबर्ट्स यांनी केली. त्या दोघींना संवाद फार नाहीत, पण त्या प्रत्येक भागात असतात आणि त्यांच्या असण्यामुळे ते हॉटेल वस्तीचे वाटते. दुसऱ्या पर्वात टेरी नावाचा स्वयंपाकी आला, तो ब्रायन हॉल यांनी साकारला.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा संघ दरवर्षी ‘युवारंग’ महोत्सवासाठी आणि एकांकिका स्पर्धांसाठी नाटक बसवतो. लहान भूमिका करायला मुले तयार होत नाहीत, झालीच तर त्यात उगीच हातवारे करून लक्ष वेधू पाहतात. या मालिकेत एकेका भागापुरते आलेले कलाकार इतकी वर्षे लोकांच्या लक्षात कसे राहिले? (नाट्यदिग्दर्शक, अमळनेर)

उत्तर : या पत्रातील अडचण खानदेशातील बहुतेक हौशी संघांची आहे, म्हणून तिला सविस्तर उत्तर देतो.

या मालिकेत एका भागापुरत्या आलेल्या पात्राला काहीतरी हवे असते. ते साधे असते, ते मिळणे त्याचा हक्क असतो, आणि ते मिळेपर्यंत ते पात्र मागे हटत नाही. मृतदेहाच्या भागातील डॉक्टर प्राइस यांचे उदाहरण घ्या. हा भाग १९७९ चा आहे. हॉटेलात रात्री एक पाहुणा झोपेतच मरण पावतो, आणि आपण दिलेल्या जुन्या माशांमुळे तो मेला असावा या भीतीने बेसिल प्रेत लपवत हिंडतो. त्याच सकाळी डॉक्टरांना न्याहारीला सॉसेज हवे असतात. जेफ्री पामर यांनी हे डॉक्टर केले आहेत. त्यांचा चेहरा मुळातच लांबट आणि उदास, आवाज संथ. ते कुठेही आरडाओरडा करत नाहीत. समोर प्रेत इकडून तिकडे नेले जात असते आणि डॉक्टर आपल्या न्याहारीची आठवण करून देत राहतात. पामर यांनी क्षणभर जरी ‘पाहा, काय गंमत चालली आहे’ असा भाव चेहऱ्यावर आणला असता तर तो प्रवेश तिथेच पडला असता. त्यांच्या दृष्टीने ती गंमत नाहीच. ते भुकेले आहेत आणि वैतागले आहेत, एवढेच त्यांना ठाऊक आहे.

त्याच भागात ज्या कलाकाराने प्रेताचे काम केले त्याचा उल्लेख मला विशेष अगत्याने करायचा आहे, कारण लहान भूमिकेला नाक मुरडणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याचे नाव माहीत असावे. डेरेक रॉइल हे ते नट. त्यांना कसरतीचे चांगले अंग होते, म्हणूनच त्यांना उचलणे, टाकणे, कपाटात कोंबणे, कपड्यांच्या टोपलीत घालणे हे सर्व शक्य झाले. मरण्यापूर्वी या पाहुण्याच्या वाट्याला जेमतेम काही शब्द येतात. सकाळी बेसिल न्याहारीचा ट्रे घेऊन त्याच्या खोलीत जातो आणि तो मेला आहे हे न कळताच त्याच्याशी बराच वेळ बोलत राहतो, उत्तर देत नाही म्हणून मनात चिडतोही. प्रेक्षक खदखदून हसत असताना पापणी न हलवता, श्वास दिसू न देता पडून राहणे हा अभिनय आहे, आणि तो करायला शरीरावर विलक्षण ताबा लागतो.

दुसरे उदाहरण मिसेस रिचर्ड्स यांचे. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात जोन सँडरसन यांनी ही भूमिका केली. या बाईंना ऐकू कमी येते, पण बॅटरी संपेल म्हणून त्या श्रवणयंत्र बंद ठेवतात. खोलीतून दिसणारा देखावा त्यांना पसंत नाही, न्हाणीघर लहान आहे, आणि वर त्यांचे पैसे चोरीला गेले आहेत. बेसिल खिडकीबाहेरचा समुद्र दाखवतो, तरी त्यांचे समाधान होत नाही. सूड म्हणून तो आवाज न काढता नुसते ओठ हलवतो, बाई यंत्राचा आवाज वाढवतात, आणि तो कानठळ्या बसतील असा ओरडतो. हा सगळा प्रसंग सँडरसन यांच्या ताठ मानेवर उभा आहे. त्यापूर्वी ‘प्लीज सर’ या मालिकेत त्यांनी कडक शाळाबाई रंगवली होती, त्यामुळे तो दरारा त्यांच्या देहबोलीत मुरलेला होता. त्यांनी बाईंना कुठेही बिचाऱ्या केले नाही आणि दुष्टही केले नाही. आपण सोडून बाकी सर्वजण अडाणी आहेत यावर त्यांचा ठाम विश्वास आहे, आणि तो विश्वास त्या शेवटपर्यंत ढळू देत नाहीत.

बर्नार्ड क्रिबिन्स यांचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. १९७५ च्या ज्या भागात हॉटेलांची गुप्त तपासणी करणारे अधिकारी गावात आल्याची बातमी बेसिलला लागते, त्यात क्रिबिन्स चमचे विकणाऱ्या मिस्टर हचिन्सन यांच्या रूपात येतात. साधी टॅक्सी मागवायची तरी हा माणूस कोर्टातल्या अर्जासारखी लांबलचक वाक्ये बोलतो. बेसिलला वाटते हाच तपासनीस, मग तो त्याच्यापुढे लोटांगण घालतो, आणि चूक कळताच त्याचा पाणउतारा करतो. इथे नटाला बोलण्याची लकब दिलेली आहे, म्हणजे अतिरेक करण्याची मुभाच आहे. तरीही क्रिबिन्स ती लकब मिरवत नाहीत, हचिन्सनला आपली भाषा सुसंस्कृत वाटते आणि समोरचा ती समजून घेईल अशी त्याची प्रामाणिक अपेक्षा असते. त्याच भागात जेम्स कॉसिन्स यांनी मिस्टर वॉल्ट हा दुसरा पाहुणा केला आहे, तो अगदी कमी बोलतो. वाइन खराब आहे हे तो शांतपणे सांगतो, आणि त्या एका वाक्याने बेसिलची त्रेधा उडते. एकाचे बोलणे संपत नाही, दुसऱ्याचे सुरूच होत नाही, आणि दोघांच्या मध्ये बेसिल सापडलेला. अशी जोडी निवडणे हे दिग्दर्शकाचे काम असते. पहिल्या पर्वाचे दिग्दर्शन आणि निर्मिती जॉन हॉवर्ड डेव्हिस यांची. हे गृहस्थ लहानपणी स्वतः नट होते, १९४८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या चित्रपटात ऑलिव्हरची भूमिका त्यांचीच. नटांची पारख त्यांना होती असे पहिल्या पर्वातील सहाही भाग पाहताना जाणवते. दुसरे पर्व बॉब स्पायर्स यांनी दिग्दर्शित केले.

आपल्या मुलांना मी एकच गोष्ट करायला सांगेन. प्रत्येक लहान पात्राला नाटक सुरू होण्यापूर्वी कशाची गरज होती आणि ती कुठे अडली, हे नटाने आपल्या वहीत लिहून काढावे आणि तालमीत फक्त तेवढेच मिळवण्याचा प्रयत्न करावा. हसवण्याची जबाबदारी त्याच्या अंगावर टाकूच नये. तालमीत एखादा मुलगा हसे मिळवण्यासाठी डोळे फिरवू लागला तर त्याला थांबवून, तू कशासाठी इथे आला आहेस, असे विचारावे. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर प्रयोग पाहताना मला वारंवार असे दिसले आहे की पोस्टमन, शेजारी किंवा हवालदार म्हणून एकदाच आलेला एखादा नट सरळ आपले काम करून जातो आणि त्या दोन मिनिटांत मुख्य नटाचे काम उजळून निघते. अशा नटाचे कौतुक संघाच्या प्रमुखाने सर्वांदेखत करावे. मुले लहान भूमिका नाकारतात त्याचे कारण आपणच त्यांना तसे शिकवलेले असते, कारण पात्रपरिचयापासून सत्कारापर्यंत सर्वत्र आपण मुख्य भूमिकेचाच गौरव करत असतो.

प्रश्न : मॅन्युएलला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला मार खावा लागतो आणि आपण हसतो. परदेशातून पोट भरण्यासाठी आलेल्या माणसाला असे हसणे योग्य आहे का? (शिक्षिका, धुळे)

उत्तर : हा प्रश्न टाळून या मालिकेचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. आधी सॅक्स यांच्याविषयी सांगतो. त्यांचा जन्म १९३० मध्ये बर्लिनमध्ये झाला. वडील ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत कुटुंबाला १९३८ मध्ये जर्मनी सोडून लंडन गाठावे लागले. म्हणजे परक्या भाषेत, परक्या शाळेत, शब्द न कळता उभे राहणे त्यांनी लहानपणी स्वतः अनुभवले होते. स्पॅनिश ढंगाचे इंग्रजी आपल्याला नीट जमेल की नाही याची शंका असल्याने हा वेटर जर्मन दाखवता येईल का, असेही त्यांनी सुरुवातीला सुचवले होते. या भूमिकेने त्यांना शारीरिक त्रासही झाला. एका भागात तव्याचा फटका खरोखर जोरात बसला, आणि दुसऱ्या एका भागात स्वयंपाकघराला आग लागल्याच्या प्रसंगासाठी त्यांच्या कोटावर जे रसायन लावले होते त्याने त्यांचा हात भाजला.

मॅन्युएल मूर्ख नाही. त्याला भाषा येत नाही, पण शिकण्याची हौस दांडगी आहे, काम करण्याची तयारी आहे, आणि मालकावर त्याचा भाबडा विश्वास आहे. बेसिलने त्याला स्वस्तात मिळतो म्हणून ठेवले आणि आपल्याला स्पॅनिश येते अशी फुशारकीही मारली, तेव्हा बहुतेक प्रवेशांत फजिती बेसिलची होते. पॉली मात्र त्याच्याशी माणसासारखी वागते, आणि त्यामुळे प्रेक्षकाला योग्य वागणूक कोणती हे दिसत राहते. तरीही काही प्रसंगांत मारहाण लांबते आणि हसू केवळ त्या मारावर येते, ते मला आज खटकते. आपण वर्गात हा विषय घेतलात तर मुलांना तो फरक प्रवेशागणिक शोधायला लावावा असे सुचवतो. स्पेनमध्ये ही मालिका दाखवताना मॅन्युएलला इटालियन करण्यात आले, यावरून तेथील मंडळींनाही हा प्रश्न जाणवला होता असे दिसते.

याच संदर्भात लुई महोनी यांचे नाव घ्यायला हवे. त्यांचा जन्म आफ्रिकेतील गॅम्बियाचा. जर्मन पाहुण्यांच्या भागात डोक्याला मार लागलेला बेसिल रुग्णालयात असतो, तेव्हा कृष्णवर्णीय डॉक्टर फिन यांना पाहून तो दचकतो. महोनी यांचे डॉक्टर त्या दचकण्याची दखलही घेत नाहीत, रोग्याची विचारपूस सौजन्याने पुढे चालू ठेवतात, आणि सारा ओशाळेपणा बेसिलकडे राहतो. प्रवेश छोटा आहे, पण १९७५ सालच्या ब्रिटनमध्ये तो त्या पद्धतीने करणे हा त्यांचा फार विचारपूर्वक केलेला अभिनय होता असे मी मानतो.

प्रश्न : हे पाहुणे कलाकार त्या काळात मोठे तारे होते का? (वाचक, शहादा)

उत्तर : बहुतेक जण तारे नव्हते, ते रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर सतत काम करणारे, दिग्दर्शकांच्या खात्रीचे नट होते. क्रिबिन्स यांना ‘द रेल्वे चिल्ड्रन’ या १९७० च्या चित्रपटामुळे घराघरांत ओळखत असत. याउलट आयर्लंडचे डेव्हिड केली अनेक ब्रिटिश प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते याच मालिकेमुळे. त्यांनी केलेला ओरायली हा कामचुकार गवंडी एकाच भागात येतो, त्याची माणसे भलत्याच जागी दार काढून खरे दार बुजवतात, आणि तो सिबिलच्या छत्रीचा मार खातो. पुढे २००५ च्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या चित्रपटात त्यांनी आजोबांचे काम केले. वॉल्डॉर्फ सॅलडसाठी हटून बसणारा अमेरिकन पाहुणा ब्रूस बोआ यांनी केला, ते मूळचे कॅनडाचे, आणि १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये ते सेनापती म्हणून दिसतात. लग्नाच्या वाढदिवसाच्या भागातील ऊना स्टब्स पुढे ‘शेरलॉक’ मालिकेत घरमालकीण मिसेस हडसन झाल्या.

प्रश्न : भुसावळच्या स्टेशनजवळील एका लॉजवर घडणारे असे अहिराणी प्रहसन आम्हाला बसवायचे आहे. या मालिकेचे रूपांतर करावे का? (हौशी नाट्यमंडळ, चोपडा)

उत्तर : रूपांतरासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय सार्वजनिक प्रयोग करू नये. शिवाय आपल्याला त्याची गरजही नाही. ती माणसे टॉर्कीची आहेत, आपल्या लॉजवर उतरणारी माणसे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. रावेरहून केळीच्या पैशांच्या वसुलीला आलेला बागायतदार, रात्री दोनच्या गाडीची वाट पाहणारे वऱ्हाड, पेपर तपासायला आलेले गुरुजी, नात्यातल्या मुलीसाठी स्थळ पाहायला साक्रीहून आलेली आत्या, यांतील प्रत्येकाला काहीतरी हवे आहे. बागायतदाराला वांग्याच्या भरिताबरोबर कळण्याचीच भाकरी हवी आहे, आणि लॉजवाल्याकडे ती नाही हे त्याला पटतच नाही. गुरुजींना शांतता हवी आहे. आत्याबाईंना मुलाच्या घरची खरी माहिती हवी आहे आणि ती त्या लॉजच्या पोऱ्याकडून काढून घेत आहेत. या तिघांना एकाच सकाळी एकाच ओसरीवर आणा. अहिराणीत बोलताना नात्याची संबोधने आपोआप येतात, ती जपा, आणि कोणालाही केवळ त्याच्या बोलीमुळे हास्यास्पद करू नका. बाहेरगावचा माणूस नागर मराठी बोलतो म्हणून शहाणा आणि अहिराणी बोलणारा म्हणून बावळट, ही जुनी खोड आपल्या प्रहसनांत अजून आहे, ती मोडण्याची ही चांगली संधी आहे.

लेखनाला वेळ द्या. क्लीझ आणि बूथ एकेका भागावर अनेक आठवडे खर्च करत आणि त्यांची संहिता अर्ध्या तासाच्या नेहमीच्या विनोदी भागापेक्षा कितीतरी जास्त पानांची असे. कुठले पात्र कोणत्या दाराने आत येते आणि त्या क्षणी दुसऱ्याला काय ठाऊक असते, हे आधी ठरलेले असल्यामुळेच पाहुण्या कलाकारांना निर्धास्तपणे काम करता आले.

प्रश्न : सहकलाकारांचे काम अभ्यासण्यासाठी कोणते भाग आधी पाहावेत? (विद्यार्थी, चाळीसगाव)

उत्तर : प्रथम हॉटेल तपासनिसांचा भाग पाहा, नंतर मिसेस रिचर्ड्स यांचा आणि मग मृतदेहाचा. प्रत्येक भाग दोनदा पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना बेसिलकडे लक्ष न देता तो बोलत असताना समोरचा नट काय करतो तेवढेच टिपावे, आणि मृतदेहाच्या भागात मिस टिब्स कोणत्या क्षणी कुठे असतात हे जरूर लिहून ठेवावे.